रजेच्या अर्जातला सातवा रकाना

"आज उपासनेला किती होते?" बायकोनं विचारलं. "सात. त्यात आपण दोघं," म्हणालो आणि चपला न काढताच खाटेवर आडवा झालो.

पाथर्डीकडच्या एका गावात मी ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. दिवाळी झाली की आमची निम्मी मंडळी मुकादमाची उचल फेडायला कारखान्यांवर ऊसतोडीला जाते, ती पाडव्याच्या आगेमागे परतते. नाताळचा तारा मी एकट्यानं चढवला, एकट्यानंच उतरवला. गावात सगळे "पाळकसाहेब, जय ख्रिस्त" करतात. पण साहेबानं मन कुणापुढं मोकळं करायचं? तिसऱ्या वर्षी जानेवारीत रविवारचा संदेश, म्हणजे प्रवचन, लिहायला बसलो की वही कोरी राहायची. रात्री झोप नाही. ठरवलं, पंधरा दिवस रजा घ्यायची.

सहा रकाने भरले. सातवा होता : 'गैरहजेरीत सेवा पाहणाऱ्या सेवकाचे नाव व सही.' अहो, तसं एखादं नाव असतं तर रजा कशाला लागली असती! रेघ मारली आणि दोन एसट्या बदलून चर्चच्या कार्यालयात अर्ज दिला. आठवड्यानं परत. शेरा, 'रकाना ७ अपूर्ण'. शेजारच्या पाळकांना विचारलं, तर त्यांच्याच गळ्यात तीन गावं. दुसऱ्या खेपेला कारकून म्हणाला, कारणात 'थकवा' चालत नाही, आजारपण लिहा आणि सर्टिफिकेट जोडा. तालुक्याच्या डॉक्टरांनी बीपी मोजलं, झोपेचं विचारलं आणि न मागता विश्रांती लिहून दिली. (हे मी सहा महिने आधीच करायला हवं होतं. झोप उडाली असेल तर डॉक्टरांकडं जा, त्यानं विश्वास कमी होत नाही.) तिसऱ्या खेपेला माझा आधीचा अर्जच सापडेना. मी पोच घेतली नव्हती. तुम्ही घ्या. शिक्का, तारीख, सही, देवाघरचं काम असलं तरी.

बाकावर दोन तास बसल्यावर आत बोलावलं. वरिष्ठ प्रेमानं बोलले, म्हणून जास्त लागलं. "प्रार्थना वाढवा. मिशनरी विल्यम केरींना सात वर्षं बाप्तिस्म्याला एकही माणूस मिळाला नव्हता. ते गेले का रजेवर?"

मी मान हलवली. उत्तर सुचलं ते एसटीत बसल्यावर, नेहमीप्रमाणे. केरी १७९३ ला बंगालात आले, खरं. पण १८०० च्या जानेवारीत ते श्रीरामपूरला (तिकडच्या, आपल्या नव्हे) मार्शमन आणि वॉर्ड यांच्यासोबत राहायला गेले आणि पहिल्या बंगाली माणसाचा, कृष्ण पालचा, बाप्तिस्मा त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाला. सोबती आधी आले. त्यांच्यामुळंच झालं असं म्हणत नाही, पण दाखला द्यायचा तर पुरा द्यावा. आणि बायबलातला एलिया संदेष्टा? तो रतामाच्या झुडपाखाली 'आता पुरे' म्हणून पडला, तेव्हा देवदूतानं त्याला प्रार्थना वाढवायला सांगितलं नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. मग उठवून पुन्हा भाकर.

घरी आलो तर आत्या बायकोशी बोलत बसलेल्या. आत्या म्हणजे आमच्या मंडळीतल्या सत्तरीच्या बाई, सगळ्यांच्याच आत्या. कागद माझ्या हातून घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला. "सेवक पाहिजे होय? मी तीस वर्षं अंगणवाडी सेविका होते." आणि सातव्या रकान्यात नाव लिहून पुढं टाकलं, 'सेविका (निवृत्त)'. शास्त्र वाचीन, ना. वा. टिळकांची भजनं घेईन, प्रभुभोजनाचा विधी तेवढा तुम्ही आल्यावर, म्हणाल्या. कार्यालयानं या वेळी काही विचारलं नाही. अर्ज ठेवून घेतला. तीन वर्षं ही बाई माझ्यासमोर सतरंजीवर बसत होती आणि मी तिच्याकडून फक्त वेदीसाठी फुलं आणि चहा घेत आलो होतो.

पहिले चार दिवस बहिणीकडं नुसता झोपलो. मग सेमिनरीतल्या, म्हणजे पाळकांच्या शाळेतल्या, मित्राला फोन केला. इथं एक सांगतो : 'माझ्यासाठी प्रार्थना कर' एवढ्यावर थांबू नका, काय हवंय ते सांगा. बायबलातल्या पौलानं तुरुंगातून आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, हिवाळ्याआधी ये म्हणून लिहिलं, त्रोवस गावी राहिलेला झगाही मागवला. मी म्हटलं, "गाडी घेऊन ये, कारखान्यावर जायचंय."

ऊसतोडीच्या तळावर आमची सहा घरं सापडली. कोप्यांपुढं चुली पेटल्या होत्या, बैलांना वाढं टाकलेलं. एकीनं बाजरीची गरम भाकरी हातावर दिली, वर मिरचीचा ठेचा. "नाताळला वाट पाहिली साहेब," एवढंच बोलली. मी तिकडं तारा उतरवत बसलो होतो. त्या रात्री बॅटरीच्या उजेडात उपासना झाली. संदेश तयार नव्हता, पण बोललो.

मंजुरीचं पत्र मी परतल्यावर नऊ दिवसांनी आलं. त्याआधी आत्यांनी नोंदवही आणून दिली होती. पहिला रविवार ९, दुसरा ११. शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात : 'उपासना वेळेवर सुरू झाली.'