दंड भरायला पैसेच नसतील तर?

फौजदारी कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाची मोफत कामं घेतो म्हटल्यावर हा प्रश्न लग्नकार्यातसुद्धा पाठ सोडत नाही : ‘दंड भरता आला नाही म्हणून अजूनही माणूस तुरुंगात जातो?’ विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘छे, असं कुठे असतं’ एवढंच ऐकायचं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जातो, आणि अगदी कायद्याने जातो.

निकालपत्राच्या शेवटी ओळ असते : अमुक रुपये दंड, दंड न भरल्यास अमुक दिवस साधी कैद. १८६०च्या दंड संहितेत ही तरतूद होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ८ मध्ये आहे. ज्या गुन्ह्याला तुरुंगवास नाहीच, फक्त दंड आहे, तिथेही ती लागते. अशा फक्त दंडाच्या गुन्ह्यांत दंड ५ हजारांपर्यंत असेल तर २ महिन्यांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत असेल तर ४ महिन्यांपर्यंत, त्याहून जास्त असेल तर वर्षभरापर्यंत. जुन्या कायद्यात हेच टप्पे ५० आणि १०० रुपयांचे होते. रकमा काळाप्रमाणे वाढवल्या हे बरंच झालं, पण वरची मर्यादा पूर्वी ६ महिने होती ती दुप्पट केली, हे मात्र कुणी फारसं बोलत नाही.

ही कैद गुन्ह्याची शिक्षा नव्हे, दंड न भरल्याचा परिणाम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये शांतिलाल प्रकरणात स्पष्ट केलं. त्या माणसाला अमली पदार्थांच्या खटल्यात १० वर्षं आणि १ लाखाचा दंड झाला होता, दंड न भरल्यास आणखी ३ वर्षं. न्यायालयाने ती ३ वर्षं ६ महिन्यांवर आणली. दंड कमी करता येत नव्हता, कारण त्या कलमात १ लाख ही किमान रक्कमच आहे. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. खटला चालू असताना माणूस आत राहिला, तर ते दिवस मूळ शिक्षेतून वजा होतात, पण दंडाबदल्यातल्या कैदेतून होत नाहीत. दोन वर्षं कच्चा कैदी म्हणून काढलेल्यालाही दंडापोटीचे दिवस नव्याने मोजावे लागतात.

मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. बँकेचं कर्ज थकलं तर निव्वळ ऐपत नाही म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येत नाही, हे १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहून ठेवलंय. कर्जदार मुद्दाम टाळतोय की खरोखर त्याच्याकडे नाही, हे आधी बघावं लागतं. सरकारचा दंड थकवणाऱ्याच्या वाट्याला ही चौकशी क्वचितच येते. कैदेची ही धमकी ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला वठणीवर आणायला ठेवलेली. तो तर नाझरकडे, म्हणजे कोर्टाच्या रोखपालाकडे, पैसे भरून जेवायच्या वेळेपर्यंत घरी पोचतो. आत जातो तो ज्याला ती धमकी उद्देशून नव्हतीच.

कायद्यात वाट नाही असंही नाही. फक्त दंडाचीच शिक्षा असेल आणि तो लगेच भरता येत नसेल, तर कोर्ट ३० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं, किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं. फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, ते कलम ४६४ आहे. पण मागायचं कुणी? बोर्डावर ढीगभर प्रकरणं, आरोपीने ‘गुन्हा कबूल’ म्हटलेलं, पुढचा पुकारा झालेला. हप्ते मिळतात हे त्याला माहीत नसतं आणि ज्याला माहीत असतं तो विचारत नाही. ‘भरता येईल का? कधीपर्यंत?’ एवढं विचारायला किती वेळ लागतो?

२०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे : शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत, आणि कच्च्या कैद्याच्या जामिनासाठीही. योजना चांगली आहे, मी तिचे अर्ज करतो. फक्त ती माणूस आत गेल्यावर सुरू होते. दंड उत्पन्नाच्या प्रमाणात लावावा, असंही सुचवलं जातं. जर्मनीत तसंच आहे, तरीही दंड न भरणारा तिथेही आत जातोच. दोन दिवसांच्या कमाईइतक्या दंडाला एकच दिवस कैद, एवढी सवलत त्यांनी २०२४ मध्ये दिली. आपल्याकडे नव्या न्याय संहितेत किरकोळ चोरीसारख्या मोजक्या गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा आली आहे. ती वाढवली तर मला आवडेल.

तोवर घरच्यांनी एक लक्षात ठेवावं. दंड पूर्ण जमल्याशिवाय उपयोग नाही, असं समजून लोक थांबून राहतात. तसं नाही. कायद्यातच उदाहरण दिलंय : दंड १००० रुपये, न भरल्यास ४ महिने. पहिला महिना संपायच्या आत ७५० रुपये भरले, तर महिना संपताच सुटका. जेवढे भरले तेवढे दिवस कमी. म्हणून ‘निम्मेच जमलेत, आणू का?’ असं कुणी विचारलं की मी म्हणतो, आजच आणा, आणि पावती मिळाली की ती घेऊन थेट कारागृहाच्या कचेरीत जा.