भंडारदऱ्याला दोघंच का जात नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पाऊस ओसरला की आमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी हे विचारतंच: दोघांच्याही नोकऱ्या, सुट्ट्या जुळता जुळत नाहीत, कसाबसा एखादा रविवार हाती लागतो आणि तोही तुम्ही मामा-मामींना गाडीत घेऊन भंडारदऱ्याला घालवता? दोघंच का जात नाही? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न, सत्तरी ओलांडलेल्या माणसांना एका दिवसात एवढं झेपतं का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. झेपतं, फक्त सगळं बघायचा हट्ट धरायचा नाही. नाशिकहून सकाळी सातला निघायचं आणि घोटीला नाश्ता करायचा. बायकांनी तिथेच बाथरूमला जाऊन घ्यावं. पुढे बरी सोय मिळेलच असं नाही, आणि मग वयस्क बायका दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीत. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण सहलीचा अर्धा त्रास इथेच असतो. घोटीहून बारीमार्गे शेंडी. बारीला कळसूबाई गाडीतूनच दिसते; 1646 मीटरचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. ढग नसले तर पाच मिनिटं थांबून हात जोडायचे. शेंडी हे भंडारदरा धरणाला लागून असलेलं गाव. तिथून जलाशयाला पूर्ण वळसा घालता येतो, घाटघर, साम्रद वगैरे करत, पण कंबरदुखीवाल्यांना घेऊन तो करू नये. धरण, मग मुतखेलवरून रतनवाडी, तिथे जेवण आणि परत, एवढंच पुरे. रतनगड, सांदण दरी वेगळ्या दिवसासाठी. काजव्यांच्या दिवसांत, मे-जूनमध्ये, वयस्कांना न्यायचंच नाही. रात्रीची गर्दी आणि गाड्यांची रांग त्यांना सोसत नाही. बारीचा घाट उजेडात पार करायचा, धुकं उतरलं की पुढचं काही दिसत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र असं दोन वाक्यांत देता येत नाही.

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. गाव श्रीरामपूर तालुक्यातलं. ऊस, कांदा, घास, दावणीला गाई. शेताला प्रवरेच्या डाव्या कालव्याचं पाणी, आणि ते येतं प्रवरा नदीवरच्या भंडारदरा धरणातून. त्या घरात सणवारांइतकाच हिशोब पाटाच्या आवर्तनाचा, म्हणजे कालव्याला पाणी सुटायच्या पाळीचा. कुणाच्या लग्नाची तारीख धरायची झाली तरी मामा आधी विचारतात, आवर्तन कधी सुटणार? कारण पाळी रात्रीची आली तर दारं धरायला, म्हणजे पाणी एकेका सरीत वळवायला, घरातलं माणूस शेतात लागतं. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा पानावर बसल्या बसल्या विषय निघाला तो ‘भंडारदरा किती भरलं?’ हा. माझ्या मनातला भंडारदरा धुक्याचा, धबधब्यांचा, कॉलेजच्या सहलीचा. त्यांचा भंडारदरा अकरा टीएमसीचा, म्हणजे अकरा अब्ज घनफूट पाण्याचा. पंधरा ऑगस्टच्या आगेमागे धरण भरल्याची बातमी आली की त्या गावात लोक एकमेकांना थांबवून सांगतात.

आणि एवढं असून मामींनी ते धरण कधी पाहिलं नव्हतं. “तिथं आपलं काय काम?” म्हणायच्या. मामा डोळे तपासायला नाशिकला आले होते तेव्हा आम्ही त्यांना पहिल्यांदा नेलं.

धरणाची भिंत दगडी आहे. काम 1910 साली सुरू झालं आणि 1926 साली पुरं झालं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव त्याला दिलं गेलं. उंची 82 मीटर. मामा खालून वर नुसते बघत राहिले, आणि मग म्हणाले, “हे बांधताना दगड फोडणारे कोण असतील?” बाकीचे पर्यटक अंब्रेला फॉलसमोर फोटो काढत होते. धरणातून पाणी सोडलेलं असलं की तो वाहतो. मामी चपला काढून पाण्याच्या काठाला गेल्या, पदर खोचला, ओंजळीत पाणी घेऊन आधी डोळ्यांना लावलं, मग एक घोट घेतला.

“गोड आहे,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडं येईस्तोवर चव बदलते.” आणि मामांकडे वळून, “हे आपल्या चारीला कधी पोचायचं?”

मग मामांनी सगळ्यांना उभ्या उभ्या वाट सांगितली. आधी निळवंडे धरण. तिथून नदीनं खाली, अकोले, संगमनेर, पुढं ओझरचा बंधारा. तिथं पाणी कालव्यांना लागतं. कालव्यातून चारीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटाला, चारीतून पोटचारीला. वरच्यांचं भिजलं की मग टेलच्या, शेवटच्या टोकाच्या लोकांना. त्यांच्या वडिलांनी जिरायत जमिनीत बाजरी काढलेली. पाटाचं पाणी आणि सहकार या दोहोंनी त्यांचं घर उभं राहिलं. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन सहकारी साखर कारखाना काढला, त्याचं गाळप 1950 साली सुरू झालं. ती सगळी हकिगत मामा अशी सांगत होते की ऐकणाऱ्याला प्रवरेच्या काठची तीन पिढ्यांची शेती समोर दिसावी.

त्यातच माझा नवरा बोलायला लागला. शाळेच्या सुट्टीत तो मामांबरोबर रात्री दारं धरायला जायचा. बॅटरी त्याच्या हातात, फावडं मामांच्या. सरीत पाणी टोकाला पोचलं की अंधारातून हाक मारायची, मग मामा दारं मोडून पुढच्या सरीला लावणार. थंडीत पायाची बोटं बधिर व्हायची, आणि पहाटे मामी बांधावर चहा घेऊन यायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. विषयच निघाला नव्हता. मामा शेजारी उभे होते म्हणून निघाला. दोघंच गेलो असतो तर छान जेवलो असतो, छान गप्पा मारल्या असत्या, पण तो मुलगा मला भेटला नसता.

रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर आहे, काळ्या दगडातलं, शिलाहारांच्या काळातलं मानतात. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीव काम बघताना मान दुखते तरी नजर हलत नाही, आणि शेजारची पुष्करणी तर तितकीच देखणी. मामा वारकरी. दर कामिका एकादशीला ते नेवाशाला जातात, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली त्याच्या दर्शनाला. नेवासं प्रवरेच्याच काठी, ती गोदावरीला मिळते त्या टोक्याच्या जरा अलीकडे. आणि प्रवरा उगम पावते ती रतनगडावर, या मंदिराच्या माथ्यावर. अमृताच्या थेंबातून ती निघाली, म्हणून तिला अमृतवाहिनी म्हणतात, ही कथा मामांना पाठच होती. “खालचं टोक जन्मभर केलं,” ते म्हणाले, “वरचं आज झालं.” बराच वेळ ते सभामंडपातच बसून राहिले. आम्ही घाई केली नाही.

जेवण गावातल्या एका घरी सांगितलं होतं. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि काळभात या तिथल्या तांदळाचा वाफाळता भात. मामी थेट चुलीशी जाऊन बसल्या. बाजरीची भाकरी त्यांच्या हातात बसलेली, तांदळाची उकड मात्र नवी, ती त्यांनी दोनदा विचारून घेतली. घरातली ताई भाताच्या आवणीचं, नाचणीचं, वरईचं सांगत होती. मग मामी सहज म्हणाल्या, “तुम्हाला काय, पाणी दारातच.” ताई म्हणाली, “पावसाळ्यात आहे की. उन्हाळ्यात विहीर आटते, मग हंडे घेऊन लांब जावं लागतं. धरणाचं पाणी खाली जातं ना.”

मामींचा हात परातीतच थांबला. मामा बाहेरून म्हणाले, “आमचं आवर्तन आठ दिवस लांबलं तर आम्ही रस्ता अडवतो.” एवढंच बोलले. नंतर मामींनी तिला एकेक विचारलं: विहीर किती खोल, गुरांना कुठं नेता, दिवसाच्या किती खेपा होतात. मला हे प्रश्न सुचले नसते. मला पाण्याची टंचाई बातमीतून कळते, मामींना ती कळशीच्या वजनानं कळते. ज्या डोंगरांवर एवढा पाऊस कोसळतो तिथल्याच वाड्यांनी चैत्र-वैशाखात पाण्यासाठी पायपीट करावी, हे मला अन्यायाचं वाटतं, आणि खालच्या बागायतीत नातं असलेल्या माणसानं हे मोठ्यानं म्हटलं पाहिजे असंही वाटतं.

त्या ताईशी मामींचं आता फोनवर बोलणं असतं. दिवाळीनंतर तिच्याकडून काळभाताचे तांदूळ येतात, इकडून गूळ जातो. आम्ही दोघं गेलो तर मामी सामानाची पिशवी हातात देतात, पण शक्यतो त्यांना स्वतःच जायचं असतं, आणि आम्हालाही त्यांना सोडून जावंसं वाटत नाही.

दोघंच असण्यासाठी आम्हाला घर आहे, संध्याकाळी गंगापूर रोडवरचं चालणं आहे. भंडारदऱ्याला मात्र मामा-मामी हवेत. आता मामांच्या मनात उलटा बेत आहे: रतनवाडीची ताई आणि तिचा नवरा यांना येत्या कामिका एकादशीला नेवाशाला आणायचं, टोक्याचा संगम दाखवायचा आणि मग दोन दिवस घरी ठेवून घ्यायचं. गाडी आमची जायची आहे. रजेचा अर्ज दोघांनीही आधीच दिलाय.