आईची दहा मिनिटं

"दिवाळीत चकल्या करताना सोऱ्या हातातून पडला होता," आई डॉक्टरांना सांगत होती. "उजवा हात एकदम लुळा. बोलायला गेले तर जीभ जड. दहा मिनिटांत गेलं सगळं."

मी शेजारीच बसले होते. मलाही हे आजच कळत होतं.

नाडी अनियमित लागली म्हणून ईसीजी काढला, त्यात एट्रियल फिब्रिलेशन निघालं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त तिथे साकळतं, आणि गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात.

तो धोका किती, याचे गुण डॉक्टर कागदावर मांडत होते. वय 75 च्या पुढे, 2. बीपीचा 1, मधुमेहाचा 1, स्त्री म्हणून 1. झाले 5. चकल्यांची गोष्ट ऐकली आणि त्यांनी शांतपणे आणखी 2 लिहिले. 9 पैकी 7.

रक्तात गुठळी होऊ नये म्हणून आजपासून गोळी सुरू.

रिक्षात विचारलं, "आई, तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू ऑफिसात होतीस. आणि बरं वाटलं होतं ना गं."

आपोआप ओसरलेला झटका पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तरी रोज फोनवर काय विचारते? जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. बस.

तो कागद अजून पर्समध्ये आहे. तुमच्या घरी असं काही "दहा मिनिटांत गेलेलं" आहे का? आज विचाराल?