तासाला २० मिनिटं

दहावीच्या पेपरला दिव्यांग मुलांना जादा वेळ मिळतो, हे कळलं की स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास म्हणणारच, 'मजा आहे बुवा!' लेखी परीक्षांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं वाढीव आहेत. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. मजा कसली ते कळायला दुसऱ्याच्या हातानं एक निबंध लिहून बघावा. तुमचा लेखनिक तुमच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला. 'परिस्थिती'मधली वेलांटी कुठली पहिली आणि कुठली दुसरी हे त्याला सांगायचं आणि तेवढ्यात पुढचं वाक्य डोक्यातून निसटू द्यायचं नाही!

मी गोव्यात फोंड्याजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला अजिबात दिसत नाही. ती ब्रेल पाटीवर लिहिते. पाटीत कागद अडकवायचा आणि उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कारण टिंबं उमटतात मागच्या बाजूला. मग कागद उलटून डावीकडून वाचायचा. एका घरात जास्तीत जास्त सहा टिंबं. आपण 'दिवस' लिहिताना वेलांटी आधी काढतो. तिच्या कागदावर आधी द, मग इ, मग व, मग स. उच्चारात येतं तसं. गेली इतकी वर्षं मी व्याकरण शिकवते, पण ही वेलांटी नीट पाहिली ती तिच्याकडे.

शुद्धलेखन घालताना मी आता वर्गाकडे बघत नाही. तिची टकटक थांबली की पुढचं वाक्य. सुरुवातीला पहिल्या बाकावरची हुशार मंडळी चुळबुळायची. पण मागच्या बाकावरची, अर्धं वाक्य सोडून पुढे पळणारी दोघंतिघं हल्ली सगळं लिहितात. त्यांना वेळ हवा होता, हे त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं.

दुसरा एक मुलगा सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा नसतो. डोकं तल्लख, पण श्वास, जीभ आणि ओठ यांचा मेळ बसायला वेळ लागतो. मध्येच कुणी त्याचं वाक्य पुरं केलं की तो थांबतो आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू करतो. मुद्दाम! मला तर पहिल्याच आठवड्यात त्यानं 'टीचर, रावात' (थांबा) म्हणून गप्प केलं होतं. गावच्या जत्रेला नाटक असतं, तसं शाळेच्या गॅदरिंगलाही आमचं एक असतंच. कुणाला कुठलं काम हवं, असं विचारलं. हा आता प्रॉम्प्टिंग मागणार, असा सगळ्यांचा अंदाज. त्याचं वाक्य पुरं व्हायला बराच वेळ गेला: 'राजाचं. तो बसूनच असतो.' वर्ग फुटला हसून. काम त्यालाच मिळालं, आणि दरबाराच्या प्रवेशात संवाद त्याच्या चालीनं बसवले. बाकीचे सरदार माना खाली घालून थांबायचे. राजापुढे थांबतातच की.

बाहेरचे लोक गोवेकरांना सुशेगाद, म्हणजे निवांत, म्हणतात, त्यांनी सकाळी फोंड्याच्या बसस्टँडवर यावं. कंडक्टर दार बडवतोय, चला चला, आत सरा, पाय ठेवायच्या आत बस हलली. पणजीला २०२३ पासून दिव्यांगांचा पर्पल फेस्ट भरतो, तिथे रॅम्प असतात, खुणांची भाषा असते, फार चांगलं आहे ते. खाजगी बसची पहिली पायरी मात्र अजून गुडघ्यापर्यंतच आहे.

या गर्दीत मदत करणारेही घाईतच असतात. पणजीला निघालेल्या आमच्या ब्रेलवाल्या मुलीला एका भल्या गृहस्थानं दंड धरून मडगावच्या बसमध्ये बसवलं, वर सीटही मिळवून दिली. आता कुणी हात धरला की ती आधी विचारते, 'तुमी खंय वतात?' तो पणजीलाच जाणारा असेल तर आपला हात सोडवून त्याचं कोपर ती स्वतः धरते आणि अर्धं पाऊल मागून चालते. नसेल तर 'देव बरें करूं' म्हणते आणि पुढच्या माणसाची वाट बघते.