स्पंज आयर्न भिजले तेव्हा

जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील भट्ट्यांना भंगार लागते तसे स्पंज आयर्नही लागते आणि त्यातला काही माल कर्नाटकातील बळ्ळारी भागातून रस्त्याने येतो. विजयपूर, सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, बीड असा राष्ट्रीय महामार्ग ५२ धरून मी बारा चाकी गाडीतून हा माल आणत असतो. लोहखनिजातील ऑक्सिजन भट्टीत काढून घेतला की आत असंख्य बारीक छिद्रे असलेले करडे खडे उरतात, तेच स्पंज आयर्न. दिसायला हा माल खडीसारखा निरुपद्रवी असतो. पण त्याला पाणी लागले की लोखंड ऑक्सिजन पुन्हा ओढून घेऊ लागते, त्यातून उष्णता निर्माण होते आणि गाडीभर ढिगात ती कोंडून राहिल्याने माल आतल्या आत तापत जातो. तापलेल्या मालावर पाणी ओतले तर हायड्रोजन वायू सुटतो. तो पेट घेतो आणि बंदिस्त जागेत साचला तर त्याचा स्फोटही होतो. यातले एक अक्षरही बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक पावतीवर, छापलेले नसते. मला ते जालन्यातील एका भट्टीवरच्या केमिस्ट साहेबांनी, गाड्या खाली होण्याची वाट पाहत आम्ही रांगेत थांबलेलो असताना, आपणहून समजावून सांगितले होते.

एप्रिलमधील एका रात्री असाच माल घेऊन येताना येडशी सोडल्यापासूनच विजा चमकत होत्या. चौसाळ्याच्या पुढे गारांसह अवकाळी पाऊस सुरू झाला आणि समोरचे दिसेनासे झाल्यावर मी गाडी एका ढाब्याच्या आवारात घेतली. थोड्याच वेळात वावटळीने ढाब्याच्या पडवीचा एक पत्रा उचकटला. तो गाडीच्या मागच्या भागावर आदळला आणि जाड ताडपत्री हातभर फाटली. आमचा क्लीनर पोरसवदा असला तरी मोठा धीराचा आहे. त्याने आणि मी त्याच पावसात वर चढून दुसरी ताडपत्री ओढली, रस्सा आवळला, पण मधल्या वेळात जेवढे पाणी आत जायचे तेवढे गेले होते.

पहाटे पाऊस थांबल्यावर मी बॅटरी घेऊन गाडीभोवती फिरलो. सगळी बॉडी ओली होती, पत्र्यावरून अजून थेंब ओघळत होते. मात्र मागच्या डाव्या अंगाला, फाळक्याच्या म्हणजे मागच्या झडपेच्या जवळ, परातीएवढा एक भाग कुणी इस्त्री फिरवल्यासारखा कोरडा ठणठणीत होता. हाताची पालथी बाजू वीतभर अंतरावर नेली तरी धग लागत होती. वरची ताडपत्री त्या जागी आक्रसून सुरकुतली होती आणि फटीतून वाफेची बारीक धार निघत होती. अंदाज बांधत बसण्याची ती वेळ नव्हती.

ढाब्यावरची माणसे तोवर जागी झाली होती. एक वयस्कर गृहस्थ बादली घेऊनच धावत आले. "अहो ड्रायव्हर, धूर निघायलाय गाडीतून! पाणी टाकूत का?"

"नाही काका, पाण्याचा थेंबही नको. पाण्यानेच पेटेल हे. तुम्ही फक्त सगळ्यांना लांब घ्या आणि कुणाला बिडी-काडी ओढू देऊ नका."

त्यांचा विश्वास बसला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. धूर दिसला की पाणी मारायचे, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही त्यांनी बादली खाली ठेवली. ढाब्यामागे कडब्याच्या गंजी होत्या आणि आत गॅसच्या टाक्या, त्यामुळे गाडी तिथून हलवणे सर्वांत आधी गरजेचे होते. मी ११२ क्रमांकावर फोन करून गाडीत कोणता माल आहे आणि त्यावर पाणी मारायचे नाही, या दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगितल्या. क्लीनरला मुद्दाम ढाब्यावरच ठेवले आणि जवळच्या खडी क्रशरच्या मोकळ्या पटांगणात एकट्याने गाडी नेऊन वाऱ्याकडे तोंड करून उभी केली, म्हणजे निघणारा वायू केबिनकडे न येता मागे जाईल.

क्रशरच्या मालकांनी काहीही आढेवेढे न घेता जेसीबी दिला, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. पटांगणात पाणी साचलेले असल्याने आम्ही आधी जेसीबीने ओला थर खरवडून कोरडा मुरूम वर आणला. मग दोन्ही ताडपत्र्या पूर्ण काढल्या, कारण झाकण ठेवले तर उष्णता आणि वायू दोन्ही कोंडतात. बाजूला उभे राहून फाळका उघडला. मागचा तापलेला माल जेसीबीने बाहेर ओढून जमिनीवर वीतभरापेक्षा कमी जाडीत पसरवला. ढीग मोडला की माल निवत जातो, ही केमिस्ट साहेबांची शिकवण होती आणि ती डोळ्यांसमोर खरी ठरत होती: आतून निघालेले काही खडे लालसर निखाऱ्यासारखे होते, ते पसरल्यावर हळूहळू काळे पडत गेले. जे धुमसत राहिले त्यांच्यावर खडीचा चुरा टाकला. चुऱ्याचा ढीग वरून भिजलेला असल्याने आतला कोरडा चुरा उकरून आणावा लागला.

बीडहून बंब आला तेव्हा जवानांनी सवयीने होज पाइप उलगडायला घेतला. मी पुढे होऊन त्यांच्या अधिकाऱ्यांना सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, जवानांना थांबवले आणि दुपारपर्यंत बंब बाजूला उभा ठेवून फावड्यांनी माल पसरवण्यात आम्हाला मदत केली. पुढचा कोरडा माल गाडीतच सुरक्षित राहिला आणि कुणाला साधी भाजल्याची इजाही झाली नाही.

यानंतरचे काम कागदांचे होते आणि तेही तितकेच निकडीचे होते. फाटलेली ताडपत्री, उडालेला पत्रा, पसरलेला माल यांचे फोटो काढले, पंचनामा करून घेतला. ई-वे बिलाची, म्हणजे मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची, मुदत साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते आणि ती संपण्याच्या ८ तास आधीपासून संपल्यानंतर ८ तासांपर्यंतच वाढवून मिळते. वाट पाहत बसलेल्या अनेक चालकांच्या हे ध्यानातून निसटते, म्हणून मी गाडीच्या मालकांना सकाळीच फोन करून मुदत वाढवून घेतली.

जालन्यात पोहोचल्यावर त्याच केमिस्ट साहेबांना भेटलो. समुद्रमार्गे जाणाऱ्या अशा मालासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत, ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापलेला माल जहाजात चढवू देत नाहीत आणि २००४ साली कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ 'इथन' नावाच्या जहाजावर अशाच प्रकारच्या मालामुळे झालेल्या स्फोटात ६ जणांचा जीव गेला, असे त्यांनी सांगितले. ऐकून मला संताप आला. जहाजाच्या कप्तानाला जी माहिती हक्काने मिळते, ती तोच माल घाटातून, गावांतून, ढाब्यांजवळून नेणाऱ्या चालकाला मिळत नाही. धोकादायक ठरवलेल्या मालाची पुरेशी माहिती गाडीच्या मालकाला देण्याची जबाबदारी केंद्रीय मोटार वाहन नियमांनी माल पाठवणाऱ्यावर आणि ती चालकाला लेखी देण्याची जबाबदारी गाडीच्या मालकावर टाकली आहे. स्पंज आयर्नच्या भरतीवर माझ्या हाती मात्र असा कागद कधी पडलेला नाही.

आता माल भरताना तो ताजा, गरम आहे का, हे मी भरणाऱ्यांना विचारतो, बॉडीला ओल असेल तर भरू देत नाही, आणि पावसाची चिन्हे असतील तर दुहेरी ताडपत्रीशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. आमच्या मालकांनी केमिस्ट साहेबांकडून मजकूर तपासून मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये एक पान छापून घेतले आहे आणि ते आमच्या प्रत्येक गाडीच्या केबिनमध्ये लावले आहे. पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत 'पाणी मारू नका' असे आहे. तेच पान बिल्टीला जोडून द्यावे, अशी विनंती आम्ही माल पाठवणाऱ्यांना लेखी केली आहे. उत्तर अजून आलेले नाही, आणि ते येईपर्यंत मी प्रत्येक भरतीला ती विनंती पुन्हा करणार आहे.