तिसरी नळी

बावीस वर्षं मी ब्लड बँकेत टेक्निशियन आहे. ड्यूटीवर आले की हात धुते, बेंचजवळ उभी राहते आणि एवढंच म्हणते, ‘प्रभू, आज माझे हात तू चालव.’ वडील मिशन शाळेत शिक्षक होते, सवय त्यांची. जानेवारीतल्या त्या रात्रीही मी हे म्हटलं होतं. म्हणून तर ती रात्र मनातून जात नाही.

आधी कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रक्तगट दोन बाजूंनी तपासायचा असतो. पेशंटच्या लाल पेशींवर काय आहे ते बघायचं, ते फॉरवर्ड. त्याच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवात, परक्या पेशींना चिकटणारी कोणती प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) आहेत ते बघायचं, ते रिव्हर्स. दोन्ही उत्तरं जुळली तरच गट लिहायचा. फॉरवर्ड काचपट्टीवर दोन मिनिटांत होतं. निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी, बिनरंगी अँटी-डी, प्रत्येकाशेजारी रक्ताचा थेंब, काडीने ढवळायचं आणि पट्टी हलवून गुठळ्या होतात का बघायचं. रिव्हर्सला मात्र सीरम वेगळं काढावं लागतं. तीन नळ्यांत ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशी घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवाव्या लागतात. त्याला वेळ जातो, म्हणून कॉलेजातल्या शिबिरांत नुसती काचपट्टी करतात आणि मुलांच्या हातात छापील कार्ड ठेवतात. या कार्डांचा मला मनापासून राग आहे. अर्धी तपासणी करून लोकांना आयुष्यभराची खात्री द्यायची, हे बरोबर नाही.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी लेबर रूममधली मावशी सॅम्पल घेऊन धावत आली. बाळंतपण झालं होतं, बाळ ठीक होतं, आईचा रक्तस्राव थांबत नव्हता. हिमोग्लोबिन पाचच्या खाली. पाठोपाठ रेसिडेंट डॉक्टरांचा फोन आला, “मॅडम, क्रॉसमॅच नंतर करा, आधी दोन बॅग पाठवा. मी सही करून देतो.” जीव जायची वेळ असेल आणि डॉक्टरांनी लेखी मागितलं, तर क्रॉसमॅच, म्हणजे बॅगमधलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघणं, पुरं व्हायच्या आधी रक्त देता येतं. तशी तरतूद आहे. मी काचपट्टी केली. ए-ला काही नाही, बी-ला काही नाही, डी-ला गुठळी. ओ पॉझिटिव्ह. खिडकीशी नवरा उभा होता. त्याने पाकिटातून तिचं कॉलेजचं कार्ड काढून दाखवलं. त्यावरही ओ पॉझिटिव्ह.

त्या क्षणी मला आतून शांत वाटलं. आमच्या चर्चच्या मंडळीत या शांतीला फार मान आहे. लग्न ठरवताना, नोकरी बदलताना आम्ही एकमेकांना विचारतो, “प्रार्थना केलीस ना? मग मनात शांती आहे का?” असली, तर वाट प्रभूने दाखवली असं धरून चालतो. मीही कितीजणींना असं सांगितलं आहे.

आमच्याकडे आठ महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी त्या रात्री माझ्याबरोबर होती. मी फ्रीजकडे गेले, तिने रिव्हर्सच्या नळ्या लावल्या.

“मॅडम, ओ-ची नळी बघता का? बटण सुटत नाहीये.”

नळी फिरवली की पेशी तळाशी बसतात, त्याला आम्ही बटण म्हणतो. नळीला हलकी टिचकी मारली की गट ओ असलेल्या माणसाच्या सीरममध्ये ए आणि बी पेशींचा गोळा तसाच राहतो. तिसऱ्या, ओ-च्या नळीतलं बटण मात्र धुरासारखं विरघळायला हवं. ओ पेशी आम्ही घालतोच त्यासाठी. त्या नळीत गोळा दिसला, तर काहीतरी चुकलंय.

मी मान वळवली नाही. “ओ सेल शिळे असतील. ताजे कर.”

तिने तीन ओ बॅगांना जोडलेल्या नळीच्या तुकड्यांमधून ताज्या पेशी घेतल्या, सलाइनने तीनदा धुतल्या आणि परत लावल्या. “मॅडम, तसंच येतंय.”

“थंडी केवढी आहे बघ. कोल्ड अँटिबॉडी असणार. वॉटर बाथमध्ये सदतीसला ठेव.”

थंडीत असं होतं, हे खरं आहे. मी खोटं काही सांगत नव्हते. पण शोधही घेत नव्हते. माझं उत्तर ठरलेलं होतं, त्याच्या आड येईल त्याला मी कारण देत होते. तेवढ्यात दोनदा फोन वाजला. मी दोन ओ पॉझिटिव्ह बॅग काढून ट्रेमध्ये ठेवल्या आणि इश्यू रजिस्टरमध्ये नंबर लिहायला घेतला.

ती वॉटर बाथवरून आली आणि तिने ट्रेवर हात ठेवला. “मॅडम, गरम करूनही तसंच आहे. आणि ऑटो कंट्रोल साफ आहे. तिचं सीरम तिच्याच पेशींना काही करत नाहीये. आपल्या एकाही बॅगला मात्र सोडत नाहीये.”

मी तिला जे बोलले ते इथे लिहिते, कारण ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, “तिकडे बाई मरतेय आणि तू मला शिकवतेस? आठ महिने झाले तुला येऊन.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ट्रेवरचा हात काढला नाही. “देऊ नका मॅडम. एकदा अँटी-एच लावू द्या.”

तेव्हा मला देवाचा आवाज आला असं सांगता आलं असतं तर साक्ष म्हणून ते फार छान दिसलं असतं. मला काही ऐकू आलं नाही. तिचा हात थरथरत होता, तेवढं दिसलं. मी स्टँडमधली तिसरी नळी उचलली, दिव्यासमोर धरली आणि टिचकी मारली. मसुराच्या डाळीएवढा लाल गोळा अख्खाच्या अख्खा वर आला. वरचं पाणी गुलाबी झालं होतं. पेशी नुसत्या चिकटत नव्हत्या, फुटत होत्या. नळीत जे होत होतं ते त्या बाईच्या शिरांमध्ये होणार होतं, आणि त्यासाठीच्या बॅगचा नंबर मी माझ्या अक्षरात लिहीत होते.

अँटी-एचची बाटली फ्रीजमध्ये अगदी मागे होती. आपल्या सगळ्यांच्या लाल पेशींवर एच नावाचा पाया असतो, ए आणि बी त्याच्यावर चढतात. गट ओ म्हणजे नुसता पाया. फार थोड्या माणसांत हा पायाच नसतो. काचपट्टीवर ती माणसं हुबेहूब ओ दिसतात, पण ओ-चं रक्तही त्यांना विषासारखं आहे, कारण त्यांच्या सीरममध्ये एच-विरुद्धच प्रतिद्रव्य असतं. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत हे पहिल्यांदा ओळखलं, म्हणून जगभर याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. मी परीक्षेत यावर उत्तर लिहिलं होतं. नव्या मुलांना शिकवलंही होतं. तिलासुद्धा मीच शिकवलं होतं.

ओळखीच्या ओ पेशी अँटी-एचने लगेच गोळा झाल्या. त्या बाईच्या पेशी तशाच मोकळ्या राहिल्या.

पुढचं भराभर सांगते. मी रेसिडेंटला फोन करून सांगितलं की लाल रक्त देऊ नका, आपल्याकडे तिच्यासाठी एकही बॅग नाही. तिच्या पेशींवर ए, बी, एच काहीच नसल्यामुळे प्लाझ्मा कुणाचाही चालणार होता. तो आधी वितळवून पाठवला. भावंडांमध्ये चारांत एकाला हा गट असू शकतो म्हणून तिच्या भावाला बोलावून तपासलं. तो खरा ओ निघाला. तिचे आईवडील सख्ख्या आत्ये-मामेभावंडांतले होते, हे त्याच्याकडून तेव्हा कळलं. नेहमी विचारतो का आपण? बॉम्बे गटाच्या दात्यांच्या यादीवर फोन सुरू केले. ऐंशी किलोमीटरवरच्या एकाने तिसऱ्या रिंगला फोन उचलला आणि “निघतो” एवढंच म्हणाला. त्या थंडीत तो मोटारसायकलवर चार वाजता दारात उभा होता. रॅपिड तपासण्या करून पाचच्या सुमाराला बॅग वर गेली. त्याआधी, तीन वाजता, जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना तिची गर्भपिशवी काढावी लागली होती.

बाई वाचली.

रजिस्टरवरच्या वेळा मी नंतर लावून पाहिल्या. ‘बटण सुटत नाहीये’ हे त्या मुलीने पहिल्यांदा सांगितलं, तिथपासून मी नळी हातात घेईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली होती. तो दाता पंचवीस मिनिटं आधी निघाला असता. वरच्या मोठ्या डॉक्टरांना मी विचारलं, त्याने गर्भपिशवी वाचली असती का. ते म्हणाले, नाही, रक्त आलं असतं तरी ती काढावीच लागली असती. ते खरं बोलत असतील. मला धीर देण्यासाठीही म्हणाले असतील. मी पुन्हा विचारलं नाही.

सकाळी आमच्या विभागाच्या डॉक्टरांनी माझं अभिनंदन केलं. “बॉम्बे पकडलात! केस लिहून काढा.” कुणी काय केलं ते त्यांनी विचारलं नाही. आमच्याकडे विचारतच नाहीत. वरिष्ठाची सही असली की शहाणपण वरिष्ठाचं. मी ‘हो’ म्हटलं. ती शेजारी नळ्या धूत होती, काही बोलली नाही.

घरी गेले पण झोप लागली नाही. रविवारच्या शाळेत मी मुलांना एली आणि शमुवेलाची गोष्ट दरवर्षी सांगते. रात्री पोराला हाक येते. तो म्हाताऱ्या याजकाकडे धावतो. एली म्हणतो, मी बोलावलं नाही, जा झोप. असं दोनदा होतं. तिसऱ्यांदा एलीला उमगतं. मी नेहमी इथे थांबते, कारण शमुवेलाचं ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ मुलांना आवडतं. पुढचं सांगत नाही. पोराला मिळालेला निरोप एलीच्याच विरुद्ध असतो. सकाळी पोर भीतीने गप्प असतं, आणि एलीच त्याला म्हणतो, माझ्यापासून एक शब्दही लपवू नकोस. ऐकून झाल्यावर तो पोराला दोष देत नाही, ‘तो परमेश्वर आहे’ म्हणतो. मी बावीस वर्षं हात चालवायला सांगत होते. कान उघडायला कधी सांगितलंच नव्हतं. आणि ती शांती? ती प्रभूची होती की बावीस वर्षांच्या सवयीची, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. सवयसुद्धा तितकीच शांत असते, एवढं आता माहीत आहे. दुसऱ्याला ‘मनात शांती आहे का’ असं विचारणं मी सोडलं आहे.

दुसऱ्या रात्री मी तिला विचारलं, “डॉक्टरांना का नाही सांगितलंस, की मी नळी बघतच नव्हते?”

ती म्हणाली, “तुम्ही सांगाल म्हणून.”

त्याच रात्री मी थोडक्यात टळलेल्या चुकीचा फॉर्म भरला. डॉक्टर नको म्हणत होते. सगळं नीट झालं, कशाला उगाच. मी लिहिलं: रिव्हर्समधली विसंगती कनिष्ठ टेक्निशियनने तीन वेळा लक्षात आणून दिली, वरिष्ठ टेक्निशियनने तपासणी न करता दोनदा कारण दिलं, बॅग इश्यू होण्याआधी कनिष्ठ टेक्निशियनने थांबवली. खाली माझं नाव आणि सही.

बाईला नवं कार्ड मी स्वतः वॉर्डात नेऊन दिलं. नवऱ्याने जुनं कार्ड पाकिटातून काढलं. मी ते त्याच्या समोर फाडलं.

आता रात्रपाळीत नळ्या तिने वाचल्या की मी परत वाचते, मी वाचल्या की ती. मागच्या आठवड्यात मी एका नळीला, गोळ्याच्या घट्टपणाचा आकडा म्हणून, १+ लिहिलं होतं. तिने काही न बोलता ती नळी माझ्यासमोर दिव्याला धरली. मी परत पाहिलं. २+ होतं. मी खोडून सुधारलं आणि शेजारी तारीख, वेळ घातली.