जुनी जिप्सी ऑफ-रोडसाठी तयार करताना: आधी नकल, मग लिफ्ट

पंधरा-वीस वर्षं जुनी जिप्सी घेतली की बहुतेकांचा पहिला फोन टायरवाल्याला जातो आणि दुसरा लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायचा संच, विकणाऱ्याला. बजेट तिथेच संपतं. मग एखाद्या खड्ड्यानंतर साठच्या स्पीडला स्टेअरिंग गदागदा हलायला लागतं आणि सगळे लिफ्टला शिव्या घालतात. खरं तर पुढच्या अ‍ॅक्सलला कित्येक वर्षांत कुणी पाना लावलेला नसतो.

खालचं सगळं जिप्सी किंग, म्हणजे १९९६ पासूनची १.३ लिटरची एमजी४१३डब्ल्यू, डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. त्याआधीच्या ९७० सीसीच्या एमजी४१० लाही यातलं बरंचसं लागू पडतं.

सुरुवात चॅसीपासून. गाडी कोकणात किंवा गोव्यात वापरलेली असेल तर रंगावर विश्वास ठेवू नका. छोटी हातोडी घेऊन गाडीखाली झोपा आणि पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी हलती कडी) जिथे बसतात ती जागा, मागच्या चाकामागचा चॅसीचा भाग आणि क्रॉस मेंबर ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो. चॅसी आतून पोकळ असते, चिखल आत साठतो आणि गंज आतून बाहेर येतो. वरून पट्टी वेल्ड करून तो थांबत नाही. सडलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा बसवायचा, चॅसी प्रेशरने आतून धुवायची, दोन दिवस वाळू द्यायची आणि मग आत कॅव्हिटी वॅक्स मारायचं. पाणी निघून जायची भोकं मात्र बुजवू नका.

आता नकल, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला चाक वळवणारा सांधा. पुढचा अ‍ॅक्सल घोड्यांवर (स्टँडवर) घ्या, चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे, राहिला तर किंगपिन, म्हणजे नकलचा फिरण्याचा खिळा. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि किती अनावश्यक स्टेअरिंग डॅम्पर (हादरे दाबणारे शॉक) हिच्या अभावी विकले जातात!

किंगपिन उघडायचं काम घाईचं नाही. चाक, कॅलिपर (तारेने टांगायचा, होजवर लोंबकळू द्यायचा नाही), हब, स्पिंडल असं काढत गेलं की शाफ्ट जॉइंटसकट बाहेर येतो. टायरॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) सोडवा. वरच्या आणि खालच्या किंगपिनच्या टोप्या काढायच्या आधी त्यांवर वर-खाली, डावी-उजवी अशी खूण करा, कारण प्रत्येकीखालच्या शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) वेगळ्या असतात. खालचं बेअरिंग हातात पडेल. चिंधीने पुसून उजेडात धरा. कपात (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात) रोलरच्या रेघांसारखे बारीक खळगे दिसले, बोटाने फिरवताना ठराविक जागी अडकल्यासारखं झालं, तर बेअरिंग आणि कप दोन्ही बदला. गाडी वर्षानुवर्षं सरळ जात असते, रोलर त्याच जागी आदळत राहतात आणि तिथेच घर करतात. नेमक्या सरळ दिशेत पकड जाते आणि हादरे तिथूनच सुरू होतात. नवीन कप पितळी दांड्याने, चारी बाजूंनी सारखा ठोकून बसवायचा.

जोडताना सील लावायच्या आधी, टायरॉड सुटा असतानाच, नकलच्या टायरॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून ओढा. नकल हलायला सुरुवात व्हायला १ ते १.८ किलो जोर लागला पाहिजे. कमी लागत असेल तर शिम काढा, जास्त लागत असेल तर घाला. 'हाताला घट्ट लागतंय' हा अंदाज इथे चालत नाही. सील चढल्यावर सगळंच घट्ट लागतं.

नकल उघडल्यावर आत ग्रीसऐवजी काळा पातळ रस्सा निघाला तर अ‍ॅक्सल ट्यूबच्या आतलं ऑइल सील गेलं आहे आणि डिफरन्शिअलचं तेल ग्रीसमध्ये मिसळतंय. बाहेरची फेल्ट आणि रबर सील कितीही नवी घाला, हे आतलं बदललं नाही तर महिन्याभरात पुन्हा चाकाच्या आतल्या बाजूला तेल दिसणार. नकलच्या आतल्या, अ‍ॅक्सलच्या टोकावरच्या गोळ्याच्या पृष्ठभागावर हलका गंज असेल तर चारशेच्या पॉलिश पेपरने घासून काढा. खोल खड्डे पडले असतील तर ते नवीन सील खातात.

हे झाल्यावरही हादरे राहिले तर व्हील बॅलन्सिंग, टायरॉड एंड, स्टेअरिंग बॉक्सचे चॅसीवरचे बोल्ट, पाट्यांचे बुश आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) या क्रमाने बघत जा. डॅम्पर सगळ्यात शेवटी.

तेलं एकदा सगळी बदलाच. पुढच्या डिफरन्शिअलमध्ये सुमारे २ लिटर, मागच्यात दीड, ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारा डबा) ८०० मिली. लेव्हल भरायच्या बोल्टच्या कडेपर्यंत. डिफरन्शिअलला जीएल-५ ग्रेडचं ९० नंबर, गिअरबॉक्सला जीएल-४. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची मिश्रणं गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना चांगली नाहीत, त्यामुळे एकाच डब्यातलं सगळीकडे ओतू नका. निघालेलं तेल दुधाळ चहासारखं असेल तर पाणी शिरलंय. ते ब्रीदरच्या, म्हणजे हवा जायच्या-यायच्या भोकाच्या, वाटेने येतं, किंवा ब्रीदर तुंबला असेल तर सीलमधून. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि जिथून मिळेल तिथून पाणी ओढते. अ‍ॅक्सलचे दोन्ही ब्रीदर आणि गिअरबॉक्स, ट्रान्सफर केसचे ब्रीदर रबरी पाइपने इंजिनाच्या वरच्या बाजूला नेऊन बांधा आणि टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर लावा. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणाऱ्या गाडीवर यापेक्षा स्वस्त आणि कामाचं मॉडिफिकेशन मला माहीत नाही.

ट्रान्सफर केस रबरी माउंटवर टांगलेला असतो. लो मध्ये (जास्त जोराच्या गिअरमध्ये) चढावर लिव्हर आपोआप न्यूट्रलला उडी मारत असेल तर आतले गिअर उघडायच्या आधी हे माउंट बघा. एक जरी फाटलं तरी केस जोर पडताच वळतो आणि लिव्हर ओढला जातो. प्रोपेलर शाफ्ट सोडताना स्लिप जॉइंटवर खडूने रेघ मारा. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत बसले नाहीत तर नवीन क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) घालूनही घरघर जाणार नाही.

आता लिफ्ट. जिप्सीला ५० मिमी पुरते. यापलीकडे, म्हणजे पाटे अ‍ॅक्सलच्या वर नेणारी स्प्रिंग-ओव्हर केली, तर गाडी सव्वाशे मिमीच्या वर उचलली जाते, पण त्यासोबत ड्रॅग लिंकचा (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन, पिनियनचा (डिफरन्शिअलमध्ये शाफ्ट जिथे जोडतो त्या दांड्याचा) कोन, शाफ्टची लांबी, ब्रेक होज सगळंच बदलावं लागतं. ब्रेक दाबताना आणि जोर लावताना अ‍ॅक्सल पाट्यांवर पिळतो तो वेगळाच. रोज रस्त्यावरही चालवायच्या गाडीला मी ते सुचवणार नाही.

स्वस्तातला मार्ग म्हणून लांब शॅकल घालतात. शॅकल जेवढा लांब कराल त्याच्या निम्मीच गाडी उचलली जाते. ५० मिमीला १०० मिमी जादा शॅकल लागेल, आणि तो बाजूला डुलतो. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचा शॅकल पुढच्या टोकाला असल्यामुळे तो लांब केला की अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून परत येत नाही, हायवेवर गाडी भटकते. पाचर घालून कॅस्टर परत मिळवता येतो, पण त्याच पाचरीने पिनियन खाली झुकतो आणि पुढच्या शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. त्यापेक्षा पाट्यांना पुन्हा बाक देऊन घेणारा किंवा नवा जास्त बाकाचा सेट बनवून देणारा चांगला पाटेवाला शोधा. मऊपणासाठी एखादं पान काढून टाकायची युक्ती सर्रास चालते. राइड थोडी मऊ होते, गाडी बसते आणि उरलेल्या पानांवर भार वाढतो.

पाटे चढवताना शॅकलचे आणि आयचे बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, चार वेळा दाबून झुलवा आणि मगच आवळा. अ‍ॅक्सल लटकत असताना आवळले तर रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि सहा महिन्यांत फाटतात.

शॉकॉब्सर्बर लांबी मोजून घ्या, 'दोन इंच लिफ्टचे' म्हणून नको. शॉक काढून एक चाक रॅम्पवर चढवा. बंप स्टॉप (अ‍ॅक्सल वर आल्यावर टेकणारा रबर) टेकतो तिथे वरच्या-खालच्या माउंटमधलं अंतर मोजा, मग दुसऱ्या लटकणाऱ्या चाकाचं. शॉक पूर्ण दाबल्यावर पहिल्या मापापेक्षा किमान १५ मिमी आखूड आणि पूर्ण उघडल्यावर दुसऱ्यापेक्षा तेवढाच लांब हवा. नाहीतर दगडावर आपटल्यावर सगळा मार शॉकच्या माउंटवर बसतो. याच वेळी ब्रेक होज ताणले जातात का बघा, आणि मागच्या अ‍ॅक्सलला लोड सेन्सिंग व्हॉल्व असेल तर नवीन उंचीप्रमाणे तो पुन्हा सेट करा. गाडी उचलल्यावर तो गाडी रिकामी समजून मागचे ब्रेक कमी करतो.

टायर २३५/७५ आर१५. मूळच्या २०५/७० आर१५ चा व्यास सुमारे ६६८ मिमी, याचा ७३३. म्हणजे अ‍ॅक्सलखाली ३३ मिमी जादा जागा मिळते, आणि गिअरिंग जवळजवळ १० टक्के उंच होतं. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ला असते. ८० बीएचपीचं एमपीएफआय इंजिन खालच्या आरपीएमला तसंही अशक्त, त्यामुळे हे १० टक्के घाटात लगेच जाणवतात. यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे एमजी४१० चा ट्रान्सफर केस: त्याचं हाय गिअरचं रिडक्शन साधारण १.५८, किंगचं १.४१. टायरने घालवलेलं त्यातून भरून निघतं. घ्यायच्या आधी फ्लँजची भोकं आणि जॅक शाफ्ट जुळवून बघा, सील-बेअरिंग नवीन घाला.

हवा कच्च्या वाटेवर १६-१८ पीएसआय. गाडी जेमतेम टनभराची असल्याने एवढ्यावर टायर छान पसरतो. १२ च्या खाली बीड सुटायची भीती. काळ्या मातीत एटीच्या (ऑल-टेरेन टायरच्या) नक्ष्या दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत होतात, तिथे एमटीच (मड-टेरेन) हवेत. कातळावर आणि जांभ्यावर एटी उलट जास्त चांगले धरतात.

पोलादी बंपर, विंच, रूफ रॅक यांचा मोह आवरा. हलकेपणामुळेच ही गाडी मोठ्या जीपा रुततात तिथून निघते. मागे-पुढे चॅसीला बोल्ट केलेले टो हुक मात्र हवेतच. गाडीत मनासारखे बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यामुळे जे काही बदलाल ते आरटीओत विचारून. १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाला गाडी तपासली जाते तेव्हा हे प्रश्न येतातच.

पाटे बसवल्यावर पहिल्या २०० किमीला आणि पुन्हा ५०० ला यू-बोल्ट टॉर्क पान्याने आवळा, तिरक्या क्रमाने. नवीन पानं एकमेकांवर बसली की यू-बोल्ट सैल पडतात, अ‍ॅक्सल सेंटर बोल्टवर मागे-पुढे सरकतो, बोल्ट तुटतो किंवा मुख्य पान त्याच भोकातून तडकतं.